पुनाबाईचा काळा चुना

बसा, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची, ते आमढोहात कुणी नेमकं सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, वेशीवरचं मोहाचं झाड लहान होतं तेव्हाची. आता तो मोह दोघांच्या कवेत मावत नाही, तेव्हा अंदाज तुमचा तुम्हीच बांधा.

झुरी नदीच्या काठी आमढोह हे गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला वीजघर. वीजघरात रात्रंदिवस दगडी कोळसा जळायचा. त्याची वीज तारांवरून लांब कुठंतरी जायची आणि राख मात्र आमढोहाच्या वाट्याला यायची. राखेचा ढीग झाला, ढिगाची टेकडी झाली, टेकडीचा डोंगर झाला. वारा सुटला की भाकरीवर राख, दुधावर राख, नवरीच्या शालूवर राख. शेजारच्या गावचे लोक म्हणायचे, आमढोहच्या माणसाला अंगारा लावायला नको, तो घरूनच लावून येतो. थट्टा खरी, पण पोरगी द्यायची वेळ आली की तेच लोक हात आखडायचे.

ह्या गावात पुनाबाई आली ती रेड्याच्या कृपेनं. ती बेलदाराची. दगड फोडायचा, चुना मळायचा, भिंत उभी राहिली की पाठीवर बिऱ्हाड टाकून पुढचं गाव गाठायचं. दुनियेची घरं बांधायची आणि आपण झाडाखाली निजायचं, ही बेलदारांची रीत. पुनाबाईचा नवरा तापानं गेला आणि मागं उरला चुन्याची घाणी ओढणारा एक रेडा. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं नवरदेव, कारण तो जागोजागी रुसायचा. तांडा आमढोहावरून चालला असताना नवरदेव नदीकाठी बसला. ओढून पाहिलं, चुचकारून पाहिलं, ढेप दाखवली, तरी उठेना. तांडा किती थांबणार? तो गेला पुढं. पुनाबाई रेड्यापाशी राहिली आणि गावानं तिला मोहाखाली झोपडीपुरती जागा दिली. असं म्हणतात, जागा मिळाली त्याच घडीला नवरदेव आपला आपण उठला आणि अंग झटकून चरायला गेला.

पुनाबाईला जन्मात पहिल्यांदा गाव मिळालं होतं. सकाळी झोपडीपुढचं अंगण सारवताना ती स्वतःशीच म्हणायची, "माहं गाव." कुणी ऐकलं तर लाजायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायची.

आणि मग एके दिवशी वीजघराचे साहेब चावडीवर आले. माणूस वाईट नव्हता. खाली मान घालूनच बोलला. राख टाकायला जागा उरली नाही, म्हणाला. डोंगर असाच सरकत राहिला आणि राख मोहाच्या बुंध्याला लागली की आमढोह उठवावं लागेल. पलीकडच्या माळावर जागा देऊ. सगळं गाव मोहाकडे बघत बसलं. मोह आणि डोंगर यांच्यात एक पडीक वावर तेवढं उरलं होतं.

"मी तांड्यातून सुटली," पुनाबाई मागून म्हणाली, "अन् आता तुमी गावालेच तांडा करता का, साहेब?"

साहेब कागद गोळा करून निघून गेले. गावाचे पाटील डोमाजी यांनी मात्र एक तोड काढली. वेशीवरच्या भैरोबाचा चौथरा ढासळला होता. देवच नीट बसलेला नाही तर गाव कसं बसणार? आधी चौथरा बांधा, मग देव गाव राखील. काम पुनाबाईला मिळालं आणि तिच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

आता बेलदारांचा एक नेम आहे. चुना, वाळू आणि विटांचा चुरा घाणीत पडला, दगडी चाक फिरू लागलं, की चुना पुरता मळून होईपर्यंत घाणी थांबवायची नाही. थांबवली तर चुना मरतो, असं ते मानतात. पुनाबाईनं घाणी सुरू केली आणि नेमका त्याच वेळी डोंगरावरून वारा उठला. राखेचे लोटच्या लोट आले आणि थेट घाणीत पडले. विटांचा चुरा दिसेनासा झाला. पण नेम तो नेम. डोळ्यांवर पदर ओढून तिनं नवरदेवाला फिरवत ठेवलं. वारा थांबला तेव्हा घाणीत नेहमीसारखा नाही, डांबरासारखा चुना होता.

पाटील बघायला आले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे काय व, पुनाबाई? देवाच्या चौथऱ्याले काळा चुना?"

"वारं सुटलं, पाटीलबाबा. घाणी थांबवता येत नाई."

"मंग झाकून घ्याची होती!"

"कायनं झाकू? माहं लुगडं का घाणीएवढं हाये?"

हे बोलणं पाटलांना झोंबलं. ज्या राखेनं गाव बुडतंय तीच देवाच्या पायाशी घालते, बाईचा पायगुणच वाईट, असं ते चारचौघांत बोलले. काळा चुना नदीत फेकायला सांगितला. पुनाबाईनं घमेली भरभरून तो धुण्याच्या घाटापाशी नेला आणि पाण्यात ओतला. शेवटचं घमेलं ओतल्यावर पाण्यात साचलेल्या चुन्याच्या ढिगावर हात टेकून ती बराच वेळ ओणवी उभी राहिली. गाव मिळालं तेही आपल्याच हातानं घालवलं, असं तिला वाटलं आणि तिथंच ती पोटभर रडली.

दिवस गेले. चौथरा तसाच पडून राहिला, राख मोहाकडे सरकत राहिली. पुनाबाई कुणाच्या दारी जाईना. एक दिवस कासाबाई परटीण स्वतःच तिच्या झोपडीशी आली.

"पुना, घाटावर तो काळा धोंडा कोनं आनून ठेवला व? मोगरीनं बडवते तरी हालत नाई, झिजत नाई. असा धोंडा माह्या सासूनंबी पायला नसंल."

पुनाबाई घाटावर गेली. पाण्यात अर्धा बुडालेला काळा धोंडा होता. शेवाळ पुसून तिनं पाहिलं तर धोंड्यावर पाच बोटं उमटलेली. तिनं आपला हात त्यावर ठेवला. हात बरोबर बसला. धावत जाऊन तिनं दगड फोडायचा घण आणला आणि जीव खाऊन हाणला. असं म्हणतात, ठिणगी उडाली पण टवका उडाला नाही. पांढरा चुना पाण्यात विरघळतो आणि हा राखेचा चुना पाण्यातच दगड झाला होता! पुनाबाई लुगड्यासकट पाण्यात बसली आणि हसत सुटली. कासाबाईला वाटलं, बाईला वारं लागलं.

तशीच ओली ती चावडीवर गेली. "पाटीलबाबा, डोंगर आपल्याले खात नाई. आपनच त्याले खाऊ. राख वापरली तर मोहापर्यंत येईल कशी?"

पाटील रागीट होते, पण आडमुठे नव्हते. घाटावर गेले, घण स्वतः हाणून पाहिला आणि हात झिणझिणले तेव्हा घण खाली ठेवला. "बाई, माहं चुकलं," एवढंच म्हणाले. पाटलानं असं म्हणायचं म्हणजे काय, ते गावात राहणाऱ्यालाच कळतं.

मग पुनाबाईनं बांधायला मागितला झुरीवरचा जुना बंधारा. तो दर पावसाळ्यात फुटायचा, आणि बंधाऱ्याएवढी राख खाणारं दुसरं काम गावात नव्हतं. साहेब तर हरखलेच. राख हवी तेवढी न्या म्हणाले आणि गाड्याही दिल्या. सगळा उन्हाळा आमढोह डोंगरावर चढत होतं. पाटलीणबाईंनी सुद्धा पदर खोचला. ज्या राखेला शिव्या दिल्या ती लोकांनी डोक्यावर घेतली. मोहाखाली घाणी फिरत होती आणि नवरदेव, आश्चर्य म्हणजे, एकदाही रुसला नाही.

बंधारा पुरा होत आला तेव्हा म्हातारी माणसं कुजबुजू लागली. हा बंधारा फुटतो कारण त्याला जीव हवा असतो. रेडा द्यावा लागेल. आणि सगळ्यांची नजर नवरदेवाकडे गेली.

पुनाबाई रेड्याच्या गळ्याला हात घालून उभी राहिली. "भिंतीले रगत नाई पायजे. राख पायजे, चुना पायजे, पानी पायजे, ते समदं देल्लं मी. फुटली तर मी आपल्या पायानं गाव सोडून जाईन. पन ह्याले हात लावाल तर आताच जातो आमी दोघं."

ज्या गावासाठी ती मरमर मरत होती, तेच तिनं पणाला लावलं होतं. कुणी पुढं आलं नाही.

आणि पाऊस असा आला की झुरीनं आपलं पात्र सोडलं. झाडं मुळासकट वाहत आली. गाव उंचवट्यावर उभं राहून बंधाऱ्याकडे बघत होतं. तेवढ्यात दावं तोडून नवरदेव निघाला, सरळ बंधाऱ्यावर गेला आणि मधोमध फतकल मारून बसला. पुनाबाई ओरडत धावली. ओढलं, चुचकारलं, पण तो कधी ऐकणारा होता? मग तीही त्याच्या शेजारी बसली. असं म्हणतात, पूर वाढत वाढत रेड्याच्या शेपटीपर्यंत आला, शेपटी ओली झाली, आणि पाणी तिथूनच मागं फिरलं. पाणी ओसरलं तेव्हा गावकऱ्यांनी बंधारा हातानं चाचपून पाहिला. एक चीर सापडली नाही.

मग काय विचारता! ही बातमी वाऱ्यापेक्षा लवकर पसरली. दूरदूरच्या गाड्या राखेला येऊ लागल्या. कुणी विहिरीची कड बांधली, कुणी शाळेचा पाया, कुणी राखेच्या विटा पाडल्या. अंगाऱ्याची थट्टा करणारी गावं दारात रांगेनं उभी राहिली आणि आमढोहच्या लोकांनी त्यांना आधी चहा पाजला, मग चिमटा काढला. भैरोबाचा चौथराही काळ्या चुन्यातच बांधला, आणि देवानं काही तक्रार केली नाही. डोंगर मागं सरकला. असं म्हणतात, मोहच एक पाऊल पुढं आला. आमढोह उठलं नाही ते नाहीच.

बंधाऱ्याच्या पूजेला बायका जमल्या. पाटलीणबाई पुनाबाईची ओटी भरायला निघाल्या, तेव्हा पुनाबाई मागं झाली. "माही ओटी कशी भरता, बाई? मी विधवा. नारळ-तांदूळ माह्यासाठी नसते." पाटलीणबाईंनी ताटातले तांदूळ बाजूला सारले, खाली वाकून ओंजळभर राख घेतली आणि म्हणाल्या, "मंग हे घे. हे तर तुयीच हाये." पुनाबाईनं पदर पुढं केला. तिच्यामागं कासाबाईनं केला, मग गावातल्या साऱ्या विधवांनी, मग सवाष्णींनी.

पुनाबाई मोहाखालीच म्हातारी झाली आणि मोहाखालीच गेली. पण आजही आमढोहात नवं घर निघालं की पाया भरायच्या आधी घरच्या बाईची ओटी राखेनं भरतात. ती सवाष्ण की विधवा, कुणी विचारत नाही. ती राख ती बाई आपल्या हातानं पहिल्या चुन्यात मिसळते आणि ओल्या भिंतीवर पाच बोटं उमटवते. वाटेनं बेलदारांचा तांडा दिसला तर त्याला थांबवून जेवू घालतात. आणि कुणी परक्यानं विचारलं, हे गाव कुणाचं, तर म्हातारी माणसं मान ताठ करून सांगतात, "गाव पुनाबाईचं. आमी तिच्याकडं रायतो."