शंभर होन आणि दोन राजांच्या मिशा

“माझ्या होनाला बट्टा? माझ्या?” राजा दुर्जयसेन सिंहासनावरून असा उसळला की मुकुट मागेच राहिला.

झालं होतं असं. समुद्रापलीकडच्या तांबरद्वीपाहून आचार्य विमलबाहू राजाच्या विद्यापीठात आले, ग्रहताऱ्यांवर व्याख्यानं दिली, सगळ्यांना यथेच्छ झोपवलं आणि निघाले. मानधन ठरलं होतं शंभर. पण होन काही त्यांनी घेतले नाहीत. “आमच्या बाजारात हे चालत नाहीत. यावर छापलेल्या तुमच्या राजाच्या मिशा बघून भाजीवाल्या हसतात. आमच्या मोहरा घरी पाठवा,” असं म्हणून ते गलबतात बसले. होन आणि मोहर वजनाला सारखे, सोनंही सारखंच. फरक काय तो मिशांचा. तरी सराफ झुंबरशेट म्हणाले, “मोहरा देतो महाराज. बट्टा मात्र कापीन, तिसरा हिस्सा.”

झुंबरशेटची चरबी याच धंद्यावर वाढली होती. विद्यापीठात शिकणाऱ्या तांबरद्वीपच्या मुलांची फी घरून मोहरांत आली, की मोहर परदेशी म्हणून बट्टा. इथला होन तिकडे जायचा झाला, की तो तिकडे परदेशी म्हणून बट्टा. येतानाही कात्री, जातानाही कात्री!

राजाला दोनच व्यसनं होती, पान आणि स्वतःचं तोंड. तो गरजला, “ऐका! माझा एकही होन सीमेबाहेर जाणार नाही. त्यांची एकही मोहर विकत घ्यायची नाही. सराफाला दमडी द्यायची नाही. आणि तरी आचार्यांच्या घरी शंभर मोहरा पोचल्याच पाहिजेत! गलबतं परत येतील तेव्हा पोच हवी. नाही आली, तर त्या बेटावरची सगळी पोरं विद्यापीठातून हाकला. माझ्या मिशांना हसतात काय!”

कुलगुरू पद्मनाभशास्त्रींनी पंडितांची सभा बोलावली. एक म्हणाला, होनांवरच्या मिशा कानशीनं घासून काढाव्यात. दुसरा म्हणाला, आचार्यांना मोहरांऐवजी पदवी द्यावी. मग भूक लागली आणि सभा उठून जेवायला गेली.

जेवायला म्हणजे सगुणाच्या खानावळीत. तांबरद्वीपची मुलं तिथेच दोन्ही वेळा जेवत. ती गेली की अर्धी पंगत गेली, आणि सगुणाच्या घरातली पाच तोंडं त्या पंगतीवर जगत होती. पंडितांचं बोलणं ऐकून तिच्या हातातला पोळपाटच खाली आला. ती तशीच पिठाच्या हातानं दरबारात गेली.

“महाराज, मोहरा मी पोचवते. शास्त्रीबुवांच्या शिक्क्याचा एक निरोप तेवढा गलबतावर जाऊ द्या.”

“आणि नाही पोचल्या तर?”

“तर पोरांबरोबर माझंही चंबूगबाळं बाहेर!”

झुंबरशेट खो खो हसले. “काय गं, निरोपातून सोनं पाठवणार?”

“शेट, तुम्ही नुसत्या बोलण्यातून तिसरा हिस्सा काढता. मी निदान निरोप तरी धाडतेय!”

गलबतं गेली. सगुणा रोज भाकऱ्या थापत होती आणि रोज बंदराकडे बघत होती. भाजीत मीठ कधी दुप्पट, कधी मुळीच नाही. बिचाऱ्या पोरांनी निमूट खाल्लं.

अखेर गलबतं आली. आचार्यांची पोच भर दरबारात वाचली गेली: “शंभर मोहरा मिळाल्या. कुणी हसलं नाही.”

“चोरून होन पाठवलेस!” राजा ओरडला. खजिना मोजला. एक होन कमी नाही! झुंबरशेटचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“केलंस तरी काय, बाई?”

“साटंलोटं केलं, महाराज! आमच्यात करतात तसं. माझा भाऊ माझ्या नणंदेचा नवरा. हुंडा त्यांनी आम्हाला द्यायचा, आम्ही त्यांना द्यायचा. मग दोन्हीकडून भांड्यांच्या गाड्या कशाला नाचवायच्या? त्यांचं त्यांच्या घरी, आमचं आमच्या घरी!”

“आचार्यांचं लग्न लावलंस?”

“नाही हो! आपल्याकडून तिकडे शंभर जायचे होते. या मुलांच्या बापांकडून फीचे शंभर इकडे यायचे होते. मी बापांना कळवलं, मोहरा समुद्रात घालू नका, तिथल्या तिथे आचार्यांना नेऊन द्या. पोरांची फी इथे भरली असं धरू.”

राजानं टाळी पिटली. “वा! म्हणजे आचार्य फुकटात पडले!”

“फुकटात कसे? त्यांचे शंभर होन आता विद्यापीठाच्या पेटीत टाका, पोरांच्या नावावर.”

राजाची टाळी अर्ध्यावरच थांबली. “टाकायलाच हवेत?”

“नाहीतर लोक म्हणतील, राजानं पोरांची फी खाल्ली!”

 राजानं पान गिळलं आणि खजिनदाराला मान हलवून खूण केली. होन पेटीत पडले.

“हा अन्याय आहे!” झुंबरशेट किंचाळले. “सीमा ओलांडली की बट्टा! बापजाद्यांपासूनचा नियम आहे!”

“पण ओलांडली कुणी, शेट? होन इथेच, मोहरा तिथेच. दोन्ही राजांच्या मिशा आपापल्या घरी! गेला तो निरोप. त्यातला तिसरा हिस्सा हवा तर कापून घ्या!”

राजाला हसू आवरेना. “माग, सगुणा! तुलाही शंभर होन देतो!”

“होन नकोत, महाराज.”

“का?” राजाच्या मिशा पुन्हा ताठ झाल्या.

“माझं माहेर सीमेपलीकडे. तिकडे नेले की शेट बट्टा कापायला टपलेलेच! त्यापेक्षा दुभती गाय द्या. गाईवर कुठल्याच राजाचं तोंड नसतं!”

 हे ऐकून राजा एवढ्या मोठ्यानं हसला की या वेळी मुकुट सरळ झुंबरशेटच्या पायावर पडला. राजानं एक सोडून दोन गाई दिल्या, आणि दोन्हींची दावी धरून त्या खानावळीपर्यंत पोचवायला झुंबरशेटलाच पाठवलं, बिनबट्ट्याचं!