केतकीपूरचे चूलबंद आमंत्रण

फार पूर्वी, बातमी माणसाच्या पायांनी चालत येई त्या काळी, धोंडगाव नावाचे एक सुखवस्तू गाव होते. एकदा तिथे कळले, की डोंगरांपलीकडचे केतकीपूर दोन राजांच्या लढाईत जळून गेले.

धोंडगावकर फार हळहळले. धान्य पाठवावे, असे कोणी सुचवले. पण वाट लांबची, बैल थकले असते. शेवटी पाटील म्हणाले, आपल्याच गावाला केतकीपूर नाव देऊ. यात बैलांना काहीच त्रास नव्हता. ठराव एकमताने झाला. पाटलांनी स्वतःच्या हाताने वेशीवर पाटी रंगवली आणि दवंडी पिटवली, की केतकीपूरच्या झाडून साऱ्या माणसांना उद्या चूलबंद आमंत्रण आहे. म्हणजे घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचे.

दवंडीवाला उत्साही होता. तो हमरस्त्यापर्यंत ओरडत गेला.

दुसऱ्या दिवशी पाटलांचे भाषण रंगात आले असताना चाळीसेक धुळकट माणसे मांडवात येऊन उभी राहिली. पुढे एक म्हातारी होती.

"आम्ही केतकीपूरचे. आमंत्रण ऐकलं, आलो."

"आजी, ते गावकऱ्यांसाठी होतं."

"मग आम्ही कोण? आणि चुली म्हणाल, तर सहा महिने बंदच आहेत."

पाटलांनी वेशीकडे पाहिले. अक्षर त्यांचेच होते. त्यांनी पाहुण्यांना पंगतीत बसवले. जेवून जातील, असा त्यांचा अंदाज होता.

पण गावची एक रीत होती. चूलबंद जेवणानंतर यजमानाने पाहुण्याच्या घरी विस्तव पोचवायचा. त्यावर चूल पेटली, की आमंत्रण संपले. आचारी खापरात निखारे घेऊन आला.

"पाटील, यांचा विस्तव कुठं पोचवू?"

म्हातारी खाली मान घालून उष्ट्या पत्रावळीकडे बघत राहिली.

पाटलांनी खापरातल्या निखाऱ्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "चुली मांडाव्या लागतील. तोवर आमंत्रण चालू."

चुलीला छप्पर लागते, छपराला भिंती लागतात. रोज गावजेवण घालायच्या धास्तीने सारे गाव कामाला लागले. थकतील म्हणून जपलेले बैल दगड ओढू लागले, आणि पंधरा दिवसांत नऊ घरे उभी राहिली.

पुढच्या वर्षी त्या नऊ घरांनी सगळ्या गावाला चूलबंद आमंत्रण दिले. ढोल वाजले, पोरे नाचली. पाटील सर्वांत आधी आले आणि विस्तव घेऊनच उठले. भाषण करायचे ते साफ विसरले, आणि कोणी आठवणही केली नाही.

तात्पर्य: दुःखिताचे नाव आपल्या वेशीवर लिहिणाऱ्याने त्याच्यासाठी घरात जागा करून ठेवावी.