अण्णू खेकड्याचं वादळ

वादळांना अजून कुणी नावं देत नसे, तेव्हाची गोष्ट. कोकणातल्या एका पुळणीवर अण्णू नावाचा म्हातारा, फार शिकलेला खेकडा राहत असे. वैशाखातल्या एका दुपारी वारा अचानक पडला आणि वाळूतली घरघर त्याच्या पायांना जाणवली. वादळच! पण खात्री होईना. मागच्या वर्षी त्याने सांगितलेलं वादळ भलतीकडेच वळलं होतं, आणि तेव्हापासून पोरंसुद्धा विचारत, "अण्णूकाका, आज छत्री घेऊ का?"

"पुन्हा हसतील गं," तो बायकोला म्हणाला.

"हसू देत. हसायला उरले तर पाहिजेत ना?"

मग अण्णू बिळाबिळाशी जाऊन विनवू लागला, "आत जा, ओल्या वाळूने बिळाचं तोंड लिंपून घ्या." कुरकुरत का होईना, सगळ्यांनी लिंपलं.

संध्याकाळी वादळ आलं. माड मोडले, होड्या पार शेतात जाऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी खेकडे वाळू फोडून बाहेर आले. एकूण एक सुखरूप.

"कुणाला खरचटलंसुद्धा नाही!" तरणा रावजी तणतणला. "याला वादळ म्हणतात? उगाच तीन दिवस उपाशी ठेवलंत, काका. पुढच्या वेळी आम्ही नाही हं लिंपणार!"

अण्णूने आडव्या पडलेल्या माडाकडे पाहिलं, मग टुणटुणीत शेजाऱ्यांकडे.

"खरंच," तो बायकोला हळूच म्हणाला, "माझं जरा जास्तच झालं का गं?"