पानसुपारी झाल्यावर

हिरणगावच्या दरबारात पानसुपारी झाली, अत्तरगुलाबही झाला, तरी इंग्रज रेसिडेंट ब्रॅडवेल साहेब उठेनात. मुलींच्या शाळेतून मराठी काढूनच टाका, हा त्यांचा हट्ट. "आमच्याकडे वाँडर, रोम, रॅम्बल, स्ट्रोल! तुमचं आपलं एकच, फिरणे!"

शाळेच्या मुख्य बाई मथूताई ताठ मानेनं उभ्या राहिल्या. "साहेब, आमच्याकडे क्रियापद ऐकलं की फिरणारा कोण ते कळतं. पोरं हुंदडतात, गुरं उंडारतात, नवरदेव मिरवतो."

"आणि मी?" साहेबांनी खिजवलं.

"अत्तरगुलाब झाल्यावरही जो पाहुणा जात नाही, तो रेंगाळतो."

राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. साहेबांनी हातातल्या विड्याकडे पाहिलं आणि टोपी उचलली.

शाळेतली मराठी मात्र तसूभरही हलली नाही.