कपिलीची भाकरी

"किती दिसांत वजन उतरंल, आक्का?"

शिदगोंडा पैलवानानं विचारलं खरं, पण निम्मा प्रश्न धापेतच गेला. मोटारसायकल टेकडीच्या पायथ्याशी लावून तो नुसत्या चाळीस पायऱ्या चढून मठात आला होता.

मठातल्या म्हाताऱ्या काशाक्का गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आखाडा सुटून पंधरा वर्षं झाली होती. खुराक मात्र पैलवानानं इमानानं सांभाळला होता. आता डॉक्टर म्हणत होते, हृदय थकलंय. आणि उशिरा झालेली लेक गौरा, सहा वर्षांची, तिनं परवा विचारलं होतं, "आप्पा, माझ्या लग्नाला तुम्ही असणार न्हवं?" तेव्हापासून दर जेवणाला त्याला ते आठवे. जेवण मात्र थांबत नसे.

"उपास केलास?" आक्कांनी विचारलं.

"अकरा दिवस. नुस्तं लिंबूपाणी. सात किलो उतरलं."

"मग?"

"बाराव्या दिवशी जेवलो..."

"किती?"

पैलवान पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. आक्का पहिल्यांदा हसल्या.

"भाकऱ्या किती लागतात?"

"पाच."

"त्यातली एक रोज ह्या कपिलीला आण. ताटात वाढलेली, पहिली. आन् पायी ये. आंधळी हाय ती, गाडीच्या आवाजाला बिचकती."

"एकच?" पैलवानाला अपमान झाल्यासारखं वाटलं. "आक्का, तुमी म्हणा, पाचीच्या पाची सोडतो!"

"ते केलंस की."

दुसऱ्या दिवशी गडी पाची भाकऱ्या घेऊन, छाती काढून हजर. सोबत आक्कांसाठी बायकोनं दिलेला खिरीचा डबा.

कपिलीनं एक भाकरी खाल्ली. उरलेल्या चार आक्कांनी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या.

"ह्या तुझ्या. घरी जाऊन निवांत जेव."

खिरीचा डबाही परत आला. आक्का आपल्या हातानं शिजवलेलंच खात. चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या घरचा घास तोंडात घातला नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

आठ दिवस झाले. वजनकाट्याचा काटा जागचा हलेना. नवव्या दिवशी मेहुण्याच्या पोराचं जावळ होतं. तिथं पैलवान रागानं जेवला. काट्यावरचा सगळा राग त्यानं तांबड्या रश्श्यावर काढला. मग तीन दिवस टेकडीकडे फिरकला नाही.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मान खाली होती. हातात चार भाकऱ्या होत्या, चुकलेल्या दिवसांच्या धरून.

"मोडलं, आक्का. काय प्रायश्चित्त घेऊ सांगा."

आक्कांनी नुसतं बोट दाखवलं.

कपिली पायऱ्यांकडे तोंड करून उभी होती. कान टवकारलेले.

"रोज ह्याच येळंला अशी उभी ऱ्हाती. तीन दिवस उभी हुती."

पैलवानानं एक भाकरी पुढं केली. गाईनं ती खाल्ली, आणि मग त्याचा तळवा चाटत राहिली, बराच वेळ, तिच्या खरबरीत जिभेनं.

"कुठं हुतास म्हणून इचारलं काय तिनं?"

पैलवानाला रडू आवरेना. तीन भाकऱ्या परत घेऊन तो घरी गेला.

त्यानंतर दोन वर्षं गेली. अर्धा कोस यायचं, अर्धा कोस जायचं. चार भाकऱ्यांची सवय झाली, पुढं कधी तरी तीनची. बायकोनं आमटीतलं तेल कमी केलं, तेही त्याला पत्ता लागू न देता. वजनकाटा कपाटाखाली धूळ खात पडला. गौरा खांद्यावर बसून यायची, आणि चाळीस पायऱ्या चढताना पैलवान तिला जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. निम्म्या खोट्या असत. धाप मात्र लागत नसे.

एके सकाळी खुंटा रिकामा होता.

निंबाखाली माती ताजी होती. शेजारच्या पायरीवर आक्का बसल्या होत्या.

"काल सांजच्याला गेली," त्या म्हणाल्या. "त्रास न्हाई झाला."

गौरा खांद्यावरून खाली उतरली. पैलवान हातात भाकरी घेऊन तसाच उभा राहिला. दावं खुंट्याला अजून बांधलेलं होतं.

"आक्का..." तो म्हणाला. "आता कुणासाठी येऊ? माझ्यासाठी मी टिकत न्हाई. मला मी ठावं हाय."

त्यानं गौराचा हात घट्ट धरला होता. इतका की ती म्हणाली, "आप्पा, दुखतंय."

आक्का त्या दोघांकडे बघत राहिल्या...

मग त्यांनी हात पुढं केला, तळवा वर करून.

पैलवानाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं भाकरी त्या तळव्यावर ठेवली.

आक्कांनी एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. खूप वेळ चघळत राहिल्या.

"कडक झालीया," त्या म्हणाल्या. "मला दात न्हाईत. उद्या जरा मऊ आण."