हळदीचा डाग

एका गावात रघुनाथ नावाचा एक शिंपी होता. हात इतका स्वच्छ, की गिऱ्हाइकाच्या कपड्यावर कधी बोटाचा ठसा सापडायचा नाही. कुंदा ही त्याची लेक. पोरगी हुशार, पण एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ.

शाळेत गुरुजींनी एक गंमत शिकवली होती. कागदाला पाण्यात कालवलेली हळद फासून वाळवायची, मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर चित्र काढायचं. पिवळ्या कागदावर लालभडक रेघ उमटते. कुंदाला कधी एकदा करून बघते असं झालं. नाना, म्हणजे तिचे वडील, दोरे आणायला बाजारात गेले आणि तिने त्यांची कापड बेतायची फळी गाठली. त्या फळीला हात लावायचा नाही, हे तिला शंभरदा सांगून झालं होतं. पण ऐकेल ती कुंदा कसली!

फळीवर वाण्याच्या मुलाच्या लग्नाचा पांढरा सदरा होता. शिवून झालेला, फक्त काही काजं राहिलेली. दोन चित्रं छान जमली. तिसऱ्याला कोपर लागलं, वाटी कलंडली आणि हळद सदऱ्याच्या बाहीवर सांडली.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. धावत मोरीवर गेली आणि साबणाने बाही घासू लागली. डाग लाल झाला. तिने आणखी जोर लावला, तो आणखी लाल झाला. याच साबणाने आपण आत्ता लाल फुलं काढत होतो, हे भीतीपायी तिला आठवलंच नाही. शेवटी तिने सदरा पिळला आणि तयार कपड्यांच्या पेटीत अगदी तळाशी दडपला.

त्या दिवशी तिला घास गिळवेना. नाना नुसते खाकरले तरी ती पेटीकडे बघायची.

सकाळी पार्वताबाई आल्या. काजं करायचं काम त्यांचं, आणि त्यावरच त्यांचं घर चाले. लग्नसराईत लोकांना हळदही कांडून देत, त्यामुळे नखं कायम पिवळी. नानांनी पेटीतून सदरा हुडकून काढला, उलगडला, आणि त्यांची नजर बाहीवरून थेट त्या नखांवर गेली.

"हळदीचे हात तसेच लावलेत? पार्वताबाई, उद्यापासून येऊ नका."

मी हात धुऊनच बसते, असं त्या सांगू लागल्या, पण नानांनी पाठ फिरवली होती. पार्वताबाईंनी सुई पदराला टोचली आणि त्या उठल्या.

कुंदा दाराआड उभी होती. गप्प राहिलं की सुटलो. कोणी आपल्याला विचारणारसुद्धा नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली. पार्वताबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या, तशी कुंदा दाराआडून पुढे आली.

"नाना, तो डाग मी पाडलाय."

नाना आत जाऊन लिंबू घेऊन आले. दोन रट्टे दिले असते तर बरं, असं तिला झालं. त्यांनी ते बाहीवर पिळलं. लाल डाग पिवळा झाला. सदरा खळबळून त्यांनी अंगणातल्या रणरणत्या उन्हात टाकला.

"हळद उन्हाला टिकत नाही, पोरी. काल सांगितलं असतंस तर कालच्या उन्हात उडाली असती. तू ती अंधारात जपून ठेवलीस."

मग ते पार्वताबाईंकडे वळले. न विचारता बोललो, चुकलो, म्हणून त्यांनी लेकीच्या देखत हात जोडले. पार्वताबाई परत येऊन बसल्या.

संध्याकाळपर्यंत सदरा पांढराशुभ्र झाला. पार्वताबाईंचं मन काही एवढ्यात निवळलं नाही. कुंदा रोज त्यांच्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून देई. त्या सुई घेत आणि मुकाट्याने काम करत. कितीतरी दिवसांनी एकदा, मान वर न करता म्हणाल्या, "दोरा जरा लांब घे गं, कुंदे."

त्या दिवशी कुंदा पोटभर जेवली.

तात्पर्य: चूक लपवून घासली की ती अधिकच गडद होते. दुसऱ्याच्या माथी बसायच्या आत ती स्वतःच उजेडात आणावी.