आमदारांचं भरलं ताट

"हौसाताईनं आमदाराला भरल्या ताटावरनं उपाशी उठवलं, अन् वर त्याच्याकडनं..." दळायला आलेल्या एका बाईचं पुढचं बोलणं गिरणीच्या घरघरीत बुडालं. अनुसयाकाकू नेमक्या दोन दिवस माहेरी गेलेल्या! दळण तिथंच टाकून त्यांनी शेजारचं हौसाताईचं घर गाठलं.

हौसाताई वस्तीच्या हक्कांसाठी भांडणारी बाई. गावभर नळ आले, फक्त वस्तीत आले नाहीत. तिची लेक हापशावर खोळंबून शाळा बुडवायची. त्या लेकीनंच काकूंना सगळं सांगितलं.

आमदार फोटोवाले घेऊन 'बहिणीकडं जेवायला' आले होते. पण आचारी त्यांचा, ताट त्यांचं, पाण्याची बाटलीही त्यांचीच. त्यांनी घास उचलला, तशी हौसाताई म्हणाली, "थांबा दादा! जेवण तुमचं, म्हणजे पाहुणी मी. भावाकडं जेवलेली बहीण रिकाम्या हातानं जात नाही. साडीचोळी नको, वस्तीला नळ द्या. नाहीतर पाहुणे तुम्ही व्हा. माझी भाकरी खा अन् आमच्या हापशाचं पाणी प्या."

फोटोवाले हसू दाबत राहिले. आमदारांनी हंड्यातल्या गढूळ पाण्याकडं पाहिलं. "नळच देतो, ताई!" म्हणत त्यांनी तिथूनच इंजिनियरला फोन लावला.

बाहेर नळासाठी चर खणणं चाललंच होतं. काकूंनी हळूच विचारलं, "मग बिचारा उपाशीच गेला?"

"छे हो काकू," हौसाताई हसली. "त्याचं ताट मी बाजूला सारलं, एवढं खरं. पण फोन झाल्यावर त्यानं माझी भाकरी ठेच्याशी चापून खाल्ली. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलंच प्याला!"